मिरवणुकीला चालेल असा कॅमशाफ्ट

माझ्या माहेरी कॅमशाफ्ट हा शब्द पहिल्यांदा काढला तो आईने, आणि तोही भाकरी वाढताना. "यांच्या गाडीचं ते कॅम का काय झिजलंय म्हणे," ती म्हणाली, "तेव्हापासून यांच्या पोटात अन्न जात नाही." बाबा तेव्हा तिसरी भाकरी मोडत होते. पण आईचं म्हणणं खोटं नव्हतं. माझे वडील, म्हणजे बाबुराव, काळजीत असले की कमी जेवत नाहीत, न बोलता जेवतात.

काळजीचं कारण सांगते. बाबा भोसरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर होते. पोलिसातले नव्हेत, तयार झालेला पार्ट मोजायचा, तपासायचा आणि त्यावर हातोडीने बारीक ठिपका ठोकून 'पास' म्हणायचं, असले. मग परदेशी भागीदार आला, स्वतःचं काम स्वतःच तपासणारी यंत्रं आली आणि बाबांना व्हीआरएस देऊन घरी पाठवलं. त्यानंतर त्यांच्याकडे एकच हुद्दा उरला. चौदा एप्रिलला आमच्या स्वारगेटमागच्या वसाहतीची मिरवणूक निघते, तिच्या सगळ्यात पुढे बाबांची पांढरी फियाट असते. टपावर बाबासाहेबांची तसबीर, भोवती फुलांची आरास आणि आत कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले बाबा. वसाहतीत पहिली चारचाकी त्यांनी घेतली म्हणून हा मान त्यांच्याकडे आला, आणि नंतर कितीही गाड्या आल्या तरी त्यांनी तो सोडला नाही.

गेल्या वर्षी ही फियाट सेव्हन लव्हज चौकात बंद पडली. पडली ती पडलीच. तिथून पुढे स्टेशनजवळच्या पुतळ्यापर्यंत लोकांनी ती ढकलत नेली आणि बाबा स्टिअरिंग धरून मान खाली घालून बसले. दुसऱ्या दिवशी मंडळाचा अध्यक्ष आयुष घरी आला. हा कॉल सेंटरमध्ये अमेरिकन लोकांशी गोड बोलण्याचा पगार घेतो, त्यामुळे घरीही त्याला तसंच बोलायची सवय लागली आहे. "जय भीम काका. तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका. नेक्स्ट इयर आपण टेम्पोच करू." बाबांनी त्याला चहा पाजला आणि तो गेल्यावर म्हणाले, "मला काढलं. कारखान्याने निदान घड्याळ तरी दिलं होतं."

मग त्यांनी आयुषकडून एक संधी मागून घेतली. यंदाही फियाटच पुढे राहील. पण वाटेत बंद पडली तर पुढच्या वर्षीपासून टेम्पो, आणि बाबांनी त्यावर चकार शब्द काढायचा नाही. मी तिथे होते. बाबांना कोणाकडे काही मागताना मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि पाहिल्यावर मला फार वाईट वाटलं. त्याहून जास्त राग आला. आयुषचा, फियाटचा, आणि सगळ्यात जास्त त्या गोड बोलण्याचा.

फियाटचं इंजिन उघडायला बाबांना मेकॅनिक लागत नाही. वसाहतीच्या जिन्याखाली त्यांनी ते उघडलं आणि रोग लगेच सापडला. कॅमशाफ्ट म्हणजे एक लांब दांडा. त्यावर ओळीने उंचवटे असतात. दांडा फिरला की एकेक उंचवटा एकेका व्हॉल्व्हला उघडतो, म्हणजे आत ताजी हवा-पेट्रोल येतं आणि जळलेला धूर बाहेर जातो. आमच्या दांड्यावरचा एक उंचवटा जवळजवळ सपाट झाला होता. ते सिलिंडर फक्त हजेरी लावत होतं, काम काही करत नव्हतं. नवा कॅम कुठे मिळेना, तेव्हा जुनाच घासून त्याला नवा आकार द्यायचा ठरलं. इथे माझा नवरा आला.

धम्मदीप हडपसरला आयटी कंपनीत आहे. मीही त्याच कंपनीत, टेस्टिंगला. तो प्रोग्रॅम लिहितो, मी त्यातल्या चुका काढते. आमच्या संसारातही कामाची वाटणी साधारण तीच आहे. दर रविवारी तो सासऱ्याची फियाट मागून दिवे घाट चढायला जातो, आणि दर रविवारी ऑफिसातला दत्तप्रसाद आपली नवी कोरी गाडी त्याच्या बाजूने हॉर्न वाजवत पुढे काढतो. कॅम घासायचाय हे कळल्याबरोबर धम्मदीपने ऑफिसच्या वेळेत इंटरनेटवर जगभरचे कॅम वाचून काढले. मग त्याने एक्सेलमध्ये तक्ता केला. कोणत्या गोष्टीला किती महत्त्व द्यायचं ते आकडे आपण टाकायचे, आणि तक्ता योग्य तो कॅम सांगणार. मी मुद्दाम वाट्टेल ते आकडे टाकून पाहिले. दर वेळी मोटारींच्या शर्यतीतला, रॅलीचा कॅमच पहिला येत होता.

"हा तक्ता तू दत्तप्रसादला समोर ठेवून केलास," मी म्हणाले.

"अगं, डेटा आहे हा."

"मिरवणुकीचा रकाना कुठंय यात?"

रकाना नव्हता. सॉफ्टवेअरमध्ये याला रिक्वायरमेंट म्हणतात. गिऱ्हाइकाला नेमकं काय हवंय हे सोडून बाकी सगळं आम्ही फार मन लावून करतो. इथे तर गिऱ्हाइकं दोन होती. जावयाला घाट चढायचा होता आणि सासऱ्याला माणसाच्या चालीने, पहिल्या गिअरमध्ये, एप्रिलच्या उन्हात, न आचके देता चालायचं होतं. आणि कॅम एकच. कॅमला हे दोन्ही पुरेपूर जमत नाही. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवले की इंजिन जोरात पळताना भरपूर श्वास घेतं. पण मग हळू चालताना येणारे पाहुणे आणि जाणारे पाहुणे एकाच वेळी दारात अडकतात, कोणी धड आत येत नाही की बाहेर जात नाही, आणि इंजिन लंगडायला लागतं.

हे मी दोघांना समजावलं असतं. पण त्यांचं भांडण होईल तर ना! बाबा जावयाला अहोजाहो करतात आणि धम्मदीप सासऱ्यापुढे आवाज चढवत नाही. दोघांच्या मनात एकेक कॅम पक्का होता आणि तोंडात फक्त सौजन्य होतं.

"जावईबापू, आपण वाचलंय, आपण म्हणाल तसं."

"नाही बाबा, गाडी तुमची. तुम्ही म्हणाल तेच."

असं म्हणत म्हणत आम्ही तिघं रामटेकडीला महिपतीच्या वर्कशॉपात पोचलो. महिपती वाघोलीकडचा. अंगाने आडवा, बोलायला मोकळा. आमचा दांडा त्याने नुसत्या बोटांनी चाचपला आणि त्याच्याकडचे तीन आकार टेबलावर मांडले. एक कंपनीसारखा साधा, एक त्याहून जरा भरलेला आणि एक रॅलीवाल्यांचा.

"गाडी कशापायी वापरता?" त्याने विचारलं.

"घाटासाठी," धम्मदीप म्हणाला.

"मिरवणुकीसाठी," बाबा म्हणाले.

दोघं एकदमच बोलले, आणि लगेच दोघंही एकमेकांना म्हणाले, "नाही नाही, आपण सांगा." महिपतीने माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुमीच बोला. मला संध्याकाळच्या आत मशीन लावायचं हाय."

मी विचारलं, "माणसाच्या चालीने तासन् तास चालली तरी बंद पडणार नाही, असा कोणता?"

"पयला. दुसराबी चालंल. तिसऱ्याचं नाव काढू नका, त्यो सिग्नलला नाचतो."

"आणि पहिल्या-दुसऱ्यात घाट कोणाला बरा?"

"दुसऱ्याला. उगं विमान न्हाय व्हणार, पण जीव येईल गाडीत."

"मग दुसरा द्या," मी म्हणाले. एवढंच होतं. ज्यासाठी एक्सेलचा तक्ता, अमेरिकेतले तज्ज्ञ आणि दोन घरच्या सुसंस्कृत पुरुषांचं मौन खर्ची पडलं, ते दोन प्रश्नांत मिटलं. परत येताना धम्मदीप मोबाइलवर तक्ता उघडून बघत राहिला. मग म्हणाला, "तसा तक्त्यातही दुसरा आलाच होता म्हणा, दुसरा."

कॅम निवडणं एक आणि तो वेळेवर लावणं दुसरं. इंजिनाच्या तोंडाशी दोन दातेरी चाकं असतात, खालचं पिस्टनच्या दांड्याचं आणि वरचं कॅमचं. दोन्हींना जोडणारी एक साखळी असते. पिस्टन कुठे आहे त्या हिशोबाने व्हॉल्व्ह उघडायला हवेत, म्हणून दोन्ही चाकांवर एकेक खूण असते. खुणा समोरासमोर आणायच्या आणि साखळी चढवायची. लहान मुलालाही जमेल. अर्थात त्या मुलाला इंजिनियरिंगचा आणि इन्स्पेक्शनचा अनुभव नसला पाहिजे.

चाकं आणि साखळी आम्ही नाना पेठेतून नवीनच आणली होती. त्यातलं वरचं चाक महिपतीने कॅमला बसवून दिलं होतं. जिन्याखाली सगळं मांडल्यावर पाहिलं, तर कॅमच्या चाकावर दोन खुणा. एका दात्याजवळ धातूत ठोकलेला बारीक ठिपका, आणि दोन दाते सोडून पुढे एक ठसठशीत लाल टिकली.

"ही लाल, ही टायमिंगची," धम्मदीप म्हणाला. "कॅम बदलला की मूळची खूण चालत नाही. नवी खूण पेंटने करतात. मी वाचलंय."

"आणि हा ठोकलेला ठिपका?" मी विचारलं.

यावर बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी चाक हातात घेतलं, चष्मा वर केला आणि त्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला. "हा इन्स्पेक्टरचा. पार्ट पास झाला की ठोकतात. जन्मभर हेच केलं मी. चांगला ठोकलाय हो, एका घावात. हल्ली असं काम दिसत नाही."

"बाबा, खालच्या चाकावरही तसाच ठिपका आहे."

"मग? दोन्हींना इन्स्पेक्टर एकच असणार."

"आणि खालच्या चाकावर लाल खूण का नाही?"

"खालचं स्टँडर्ड असतं," धम्मदीप म्हणाला. "त्याची खाच वर घ्यायची, झालं."

मी रोज आठ तास लोकांच्या चुका काढण्याचंच काम करते, पण रविवारी मला कोण विचारतो? बाबांना ठिपक्यात आपला कोणीतरी सहकारी भेटला होता आणि धम्मदीपला टिकलीत अमेरिका. शिवाय आयुष्यात पहिल्यांदाच सासरा-जावयाचं एका गोष्टीवर खरोखर एकमत झालं होतं. दोघांनी लाल टिकलीवर साखळी चढवली, हाताने इंजिन फिरवून पाहिलं, कुठे काही आपटलं नाही. बाबांनी चाकाच्या आसपासचं तेल फडक्याने पुसलं आणि ते फडकं सवयीने नीट घडी करून जयंतीसाठी साठवलेल्या धुण्यात ठेवलं.

गाडी सुरू झाली असं म्हणणं धाडसाचं होईल. तिने आधी कार्ब्युरेटरमधून दोन बार काढले. वसाहतीतली कुत्री निघून गेली. मग ती थरथरत, मध्येच श्वास धरत, मध्येच सोडत उभी राहिली. यापेक्षा जुना झिजलेला कॅम बरा होता.

"हे असंच असतं बाबा," धम्मदीप मोठ्याने म्हणाला; मोठ्यानेच म्हणावं लागत होतं. "परफॉर्मन्स कॅमचा आवाज असा लंगडाच असतो. लोक यासाठी पैसे मोजतात."

बाबांनी इंजिनाकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं. "आपण म्हणता तर असेल," ते म्हणाले. त्यांना ते पटलं नव्हतं हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. पण ज्या माणसाला मुलगी दिली त्याला 'तुम्ही मूर्ख आहात' असं म्हणण्याची आमच्या घरात पद्धत नाही. ते काम माझ्याकडे आहे. मी ते त्या दिवशी घरी गेल्यावर केलं, पण गाडी त्याने सुधारणार नव्हती.

पुढच्या दिवसांत बाबा रोज मिरवणुकीच्या तालमीला निघायचे. वसाहतीच्या गेटपाशी फियाट बंद पडायची. पिठाच्या गिरणीपाशी बंद पडायची. एकदा तर विहाराच्या दारातच बंद पडली आणि आतून येणाऱ्या बायकांना दार अडलं. बाबा उतरायचे, बोनेट उघडायचे आणि नुसते बघत राहायचे. जयंती तोंडावर आली. मी संध्याकाळी ऑफिसातून परस्पर माहेरी जायला लागले, कारण आईचा फोन यायचा की आज हे चौथी भाकरी घेऊनही बोलले नाहीत.

असंच एका शनिवारी पोचले तर बाबा आरशासमोर उभे होते. मिरवणुकीचा इस्त्रीचा शर्ट अंगात.

"कुठे निघालात?"

"आयुषकडे. सांगून येतो, टेम्पो करा म्हणून."

"बाबा, पण अजून..."

"आमू, चौकात सगळ्यांसमोर बंद पडण्यापेक्षा घरात सांगितलेलं बरं. बाबासाहेबांची तसबीर वर आणि खाली असं खोकणारं इंजिन? मला नाही ते बघवत." शर्टाचं शेवटचं बटण त्यांना लागत नव्हतं. मी पुढे होऊन ते लावलं आणि मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही. ज्या हातांनी जन्मभर दुसऱ्यांचं काम पास-नापास केलं, ते स्वतःलाच नापास करून यायला निघाले होते.

बाबा दारापर्यंत गेले. तिथे आई उभी होती, हातात ओली साडी घेऊन. जयंतीला नेसायची तिची पांढरी साडी. तिच्यावर मोठा गुलाबी ढग उमटला होता.

"माझ्या घरात इंजिनाला कुंकू कोणी लावलं?" आईने विचारलं.

आईचं नाव चंपा आहे, पण ती या आवाजात बोलते तेव्हा ते आठवत नाही. बाबा म्हणाले, "कुंकू नाही ते, पेंट आहे. टायमिंगची खूण."

"पेंट? तुमच्या त्या फडक्यातनं उतरलंय हे. ऑइलपेंट साबणाने असा पसरतो? संक्रांत झाली की वसाहतीबाहेरच्या निम्म्या बायका साडीवरचे हळदीकुंकवाचे डाग काढून घ्यायला माझ्याकडे येतात. कुंकू मला शिकवू नका."

मी महिपतीला फोन लावला. त्याच्या मागे मशीन गुरगुरत होतं.

"व्हय, कुंकूच हाय ते," तो ओरडून म्हणाला. "आमच्या हितनं एकबी वस्तू कुंकू लावल्याबिगर भाईर पडत न्हाय. माझी कारभारीण द्वारका स्वतः लावती. का, काय झालं?"

"त्यावर टायमिंग लावलं आम्ही."

पलीकडे मशीन बंद झालं. "कशावर?"

"कुंकवावर."

पलीकडून आधी नुसती खरखर आली. मग तो माणूस हसतोय हे कळलं. "अवो ताई, टायमिंगची खूण चाकात ठोकलेली असती की. बारीक ठिपका. दोन्ही चाकांवर."

मी फोन ठेवला. बाबा तसेच दारात उभे होते. "बावीस प्रतिज्ञा घेतल्या मी," ते हळूच म्हणाले, "आणि इंजिन चालवत होतो कुंकवावर." मग खाली बसले आणि इतके हसले की आईला साडी टाकून पाणी आणावं लागलं. आयुषकडे जायचं राहिलंच.

धम्मदीपला बोलावून घेतलं. तो येताच दोघांत पुन्हा सौजन्याची साथ पसरली.

"चूक माझी, जावईबापू. ठिपका मी ओळखायला हवा होता."

"नाही बाबा, टिकली मी धरून बसलो."

"पुरे!" मी म्हणाले. "दोघांची आहे. समसमान आहे. आता पाना घ्या."

या वेळी ठिपक्यासमोर ठिपका आला. साखळी चढवण्याआधी मी स्वतः वाकून पाहिलं, आणि आईनेही पाहिलं, कारण आता तिचा त्यात शब्द चालत होता. किल्ली फिरवल्याबरोबर फियाट सुरू झाली आणि मला वाटलं बंदच आहे, इतकी शांत. बाबांनी बोनेटवर तळहात ठेवला. आईने शेजारी चहाचा भरलेला कप ठेवला. बशीत थेंब सांडला नाही. दुसऱ्या दिवशी धम्मदीप दिवे घाट चढून आला. दत्तप्रसाद पुढे गेलाच, पण हॉर्न वाजवायची त्याला फुरसत मिळाली नाही म्हणे. धम्मदीपने तेवढ्यात समाधान मानलं, आणि हे त्याच्या स्वभावाला धरून नाही, म्हणजे कॅम खरंच चांगला असणार.

चौदा एप्रिलला उन्हं कलताना मिरवणूक निघाली. निळे झेंडे, लेझीम, ढोल, मागे साउंडवाल्यांची ट्रॉली आणि सगळ्यात पुढे आमची फियाट. बाबांच्या शेजारच्या सीटवर मी होते. आई बायकांच्या घोळक्यात, त्याच साडीत. डाग पुरता गेला नव्हता. "कोणी विचारलं तर सांगते, टायमिंगची खूण आहे," ती म्हणाली होती. धम्मदीप गाडीच्या बाजूने कान लावून चालत होता. लोकांना वाटलं असेल तो तब्येत तपासणारा डॉक्टर आहे.

गाडी माणसाच्या चालीने चालली. आचका नाही, ठसका नाही. शंकरशेठ रस्त्याला गर्दीमुळे दर पावलाला थांबावं लागत होतं, तरी इंजिन एका सुरात चालू. बाबा ताठ बसले होते. पण मला आरशात काहीतरी विचित्र दिसत होतं. गाडीच्या मागे माणसं गोळा होत होती. म्हातारी, बायका, चाळिशीतले बाप्ये. सगळ्यांची नजर गाडीच्या मागच्या बाजूवर. काहीजण एकमेकांना कोपराने ढोसत होते. आयुषही त्यांच्यात होता.

"वाट बघताहेत," बाबा दात आवळून म्हणाले. "कधी पडते म्हणून. बघू दे."

सेव्हन लव्हज चौक आला. गाडी चौकाच्या मध्यावर पोचली. इंजिन चालत राहिलं. गाडी चौक ओलांडून पलीकडे गेली आणि मी बाबांचा दंड घट्ट दाबला. मला इतका आनंद झाला होता की मी खिडकीतून मुंडकं काढून आयुषला काहीतरी टोचून बोलणार होते. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. शालूमावशी होत्या, महापालिकेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या आया. गुडघ्याला पट्टा बांधलेला, हातात काठी.

"बाबुराव," त्या म्हणाल्या, "यंदा बंद पडत नाही का हो?"

"नाही पडणार," बाबा म्हणाले. आवाजात इन्स्पेक्टरकीची सगळी वर्षं होती. "कॅम बदललाय. जावयाने आणि मी."

मावशींचा चेहरा पडला. "मग आम्ही काय करायचं? गेल्या वर्षी एवढी गर्दी झाली की माझा हात पोचलाच नाही. म्हणून यंदा पट्टा बांधून आले. बाबासाहेबांची गाडी आपल्या हाताने न्यायला मिळते का रोज?"

बाबांना काही कळेना. ते मावशींच्या मागे बघू लागले. मागची माणसं आता काचेपाशी आली होती. आयुष मध्ये घुसला. त्याच्या आवाजातलं कॉल सेंटर पार गेलं होतं. "काका, म्हणून तर टेम्पो म्हणत होतो. त्याला मोठा दोर लावता येतो, सगळ्यांना धरता येतं. तुमच्या गाडीला किती जण हात लावणार? गेल्या वर्षी भांडणं झाली ढकलायवरून. तुम्हाला कसं सांगायचं तेच कळेना. तुम्ही एवढे नाराज झालात, मला वाटलं ढकललेलं तुम्हाला आवडलं नाही."

समोर बोनेट जरासुद्धा थरथरत नव्हतं. खिडकीबाहेर धम्मदीप उभा होता आणि त्याने सगळं ऐकलं होतं. महिनोन् महिने ज्याच्यासाठी डोकं फोडलं ते इंजिन त्याच्या शेजारी घड्याळासारखं चालू होतं. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. या वेळी कोणी कोणाला 'आपण म्हणाल तसं' म्हटलं नाही. धम्मदीपने नुसती मान हलवली आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या.

बाबांनी गिअर न्यूट्रलला टाकला आणि किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं.

ढोल क्षणभर थांबले, मग आधीपेक्षा जोरात सुरू झाले. गाडी मागून एकदम पुढे सरकली, इतक्या हातांनी एकदम धरली तिला. बाबांनी स्टिअरिंग धरलं. मान वर होती. गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"आमू, खाली उतर," ते समोर बघत म्हणाले. "तुझं वजन कशाला त्यांच्यावर?"

मी चालत्या गाडीतून उतरले आणि मागे गेले. बंपर, डिकी, दारं, काचांच्या कडा, कुठेच बोटभर जागा नव्हती. माझा नवरा एका हाताने ढकलत होता आणि दुसऱ्या हाताने पडणाऱ्या एका आजोबांना धरून होता. आई तिच्या डागाळलेल्या साडीचा पदर खोचून आयुषला "नीट जोर लाव" म्हणत होती. शालूमावशींचा एक हात डिकीवर टेकला होता आणि त्यांनी काठी कुणाला तरी देऊन टाकली होती. मला गाडीला हात लावायला जागाच मिळाली नाही, म्हणून मी मावशींच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले आणि ढकलत चालू लागले.